'आमची पोरं काटक आहेत' असे म्हणण्याआधी

शेवगाव तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये फिरताना एक वाक्य आम्हाला घरोघरी ऐकायला मिळते. लेकरू नाक वाहत असताना उघड्या अंगाने फिरत असते. वय दोन वर्षांचे आणि दिसते वर्षाचे. आम्ही काही विचारायला गेलो की आई किंवा आजी म्हणते, "आमची पोरं काटक हायेत ताई, त्यांना काय बी होत न्हाई."

या बोलण्यात अभिमान आहे. ज्या समाजाला शेकडो वर्षे पाणी, शिक्षण आणि पोटभर अन्न नाकारले गेले, तो समाज तरीही टिकला, वाढला, शिकला. हा अभिमान खोटा नाही. पण आम्ही काही वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डात नर्स म्हणून काम केले आणि आता वस्त्यांमध्ये काम करतो. दोन्हीकडचे पाहिल्यावर आमचे स्पष्ट मत झाले आहे की हे वाक्य आपल्या लेकरांच्या मुळावर येते. जे मूल तगले ते अंगणात खेळताना दिसते. जे तगले नाही ते कुणाला दिसत नाही. म्हणून आपल्याला वाटते की सगळीच तगतात.

जी तगतात तीही सगळी नीट वाढतात असे नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर 100 मुलांमागे 35 मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. सुमारे 26 मुले उंचीच्या मानाने फार रोड होती. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या 100 पैकी जवळजवळ 69 मुलांच्या अंगात रक्त कमी होते. यातली बहुतेक मुले धावतात, खेळतात, भांडतात. खुजे मूल आजारी दिसत नाही, नुसते लहान दिसते. आणि आपण म्हणतो, बाप पण असाच होता, अंगानेच बारीक आहे.

संकटातूनही मूल उभे राहते, त्या ताकदीला डॉक्टरी भाषेत 'रेझिलियन्स' म्हणतात. आपण तिला उभारी म्हणू. ही उभारी रक्तातून येते, जातीतून येते, एखाद्याच्या नशिबात असते, असे आपल्याला वाटते. तसे नाही. उभारी मुलाच्या आजूबाजूच्या माणसांनी आणि सोयींनी तयार होते, आणि ती माणसे व सोयी काढून घेतल्या की मोडते. या लेखात आम्हाला एवढेच सांगायचे आहे.

ओझे एकावर एक चढते तेव्हा

उसाच्या फडात काम केलेल्या बाईला हे लवकर कळेल. डोक्यावर एक मोळी घेऊन ती फळीवरून गाडीत चढते. त्याच मोळीवर दुसरी ठेवली, तिसरी ठेवली, तर ती पडेल. तेव्हा कुणी म्हणणार नाही की बाई कमजोर होती. ओझे जास्त होते, असेच म्हणतील. मुलाचेही तसेच आहे. एक संकट बहुतेक मुले पेलतात. बाप आजारी पडला पण आई खंबीर आहे, घरात खायला आहे, शाळा सुरू आहे, तर मूल सावरते. संकटे एकावर एक चढली की ते वाकते.

आपल्या भागात ही संकटे कशी चढतात ते पाहा. पोरीचे लग्न सतराव्या वर्षी होते. तिच्याच अंगात रक्त नसते आणि ती गरोदर राहते. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मते. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेली टोळी निघते आणि बाळ कडेवर घेऊन आई कारखान्यावर जाते. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहून जाते. कोपीत स्वच्छ पाणी नाही, जुलाब होतात, वजन आणखी उतरते. आई पहाटे फडात जाते आणि बाळ सात वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन होते. म्हणजे त्या बहिणीची शाळाही गेली. यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर प्रत्येकीवर उपाय आहे. पाच-सहा एकत्र आल्या की तेच मूल पुढे 'ढ' ठरते, आठवीत शाळा सोडते, आणि त्याच्या हातात कोयता येतो.

या वयात घाई असते, ती मेंदूची. आईच्या पोटातले 270 दिवस आणि जन्मानंतरची दोन वर्षे, असे 1000 दिवस फार मोलाचे. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास 80 टक्क्यांपर्यंत पोहोचतो. या दिवसांत अन्न, लोह, झोप, बोलणे आणि माया कमी पडली तर पुढे ते भरून काढायला दसपट कष्ट पडतात.

आणखी एक ओझे वजनकाट्यावर दिसत नाही, ते भीतीचे. मूल घाबरले की छाती धडधडते, अंग ताठ होते. आईने जवळ घेतले की ते उतरते. अशी भीती प्रत्येक मुलाला वाटते आणि तिने काही बिघडत नाही. पण रोज रात्री बाप पिऊन येतो, आईला मारतो, भांडी फेकतो, तिथे मुलाच्या अंगातली भीती उतरतच नाही. झोप तुटते, भूक मरते, शाळेत लक्ष लागत नाही, पाठांतर राहत नाही. असे मूल मास्तरांना मठ्ठ वाटते. ते मठ्ठ नसते, रात्रभर जागे असते. आणि त्याच शाळेत कुणी जातीवरून टोमणा मारला, त्याच्याच हातात दरवेळी झाडू दिला, तर तेही ओझे त्याच मोळीवर चढते.

कवाई बेटावरची मुले आणि साताऱ्याचा भिवा

मग अशाही परिस्थितीत काही मुले वर येतात ती कशी? अमेरिकेच्या हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या एका बेटावर 1955 साली 698 मुले जन्मली. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन अभ्यासक बायांनी ही मुले चाळिशीची होईपर्यंत त्यांचा मागोवा ठेवला. उसाच्या मळ्यांचे बेट ते, अनेकांचे आईबाप मळ्यावर मजुरी करणारे. ज्या मुलांवर दोन वर्षांची होण्याआधीच चार किंवा अधिक संकटे होती, त्यांतली दोन-तृतीयांश मुले पुढे शिक्षणात, वागण्यात किंवा मनाने अडचणीत आली. एक-तृतीयांश मुले मात्र शहाणी, कर्ती, मायाळू माणसे झाली. त्यांच्यात सारखे काय होते? त्यांच्या लहानपणी निदान एक तरी माणूस असे होते, जे त्यांना कधी सोडून गेले नाही. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाचा थोरला भाऊ, कुणाच्या शाळेतली बाई. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अठराव्या वर्षी वाया गेलेली वाटणारी कित्येक मुले तिशीत पुन्हा सावरली. त्यांना कुणी तरी दुसरी संधी दिली होती.

यासाठी समुद्रापलीकडे जायची गरजही नाही. आपल्या सगळ्यांच्या घरात ज्यांचा फोटो आहे, त्यांचे बालपण आठवा. आपण पोरांना दटावतो, "बाबासाहेब दिव्याखाली शिकले, तुला काय झाले?" ही गोष्ट खरी आहे, पण अर्धीच आहे.

साताऱ्याच्या शाळेत भिवाला वर्गात वेगळे बसावे लागे. घरून आणलेल्या तरटावर. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. पाच-सहा वर्षांचा असताना आई भीमाबाई गेल्या. चौदा भावंडांतली कित्येक लहानपणीच दगावली. आजच्या भाषेत सांगायचे तर या मुलावर जोखमीचा डोंगर होता. आता दुसरी बाजू पाहा. आईच्या मागे पाठीला बाक असलेल्या मीराआत्यांनी या पोराला पोटाशी धरले. आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी त्याला देत, ही आठवण बाबासाहेबांनीच सांगून ठेवली आहे. मुंबईला परळच्या एका खोलीत राहताना रामजी सुभेदार स्वतः जागत आणि रात्री दोनला मुलाला अभ्यासाला उठवत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लेकीकडून दागिना आणून गहाण टाकत. बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला केळुसकर गुरुजींनी हेरले. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर त्याच्या हातात बुद्धचरित्र ठेवले, आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत त्याचे नाव पोहोचवले. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

बाबासाहेबांची बुद्धी आणि कष्ट यांना तोड नाही. पण आत्या, बाप, बहिणी, दोन गुरुजी आणि एक शिष्यवृत्ती ही नावे गोष्टीतून गाळली की मुलांना आपण खोटे सांगतो. आपण सांगतो की जिद्द असली की पुरे. मग जो मागे पडतो तो स्वतःलाच दोष देतो.

आणि आणखी एक गोष्ट आपण फार कमी बोलतो. याच बाबासाहेबांची आणि रमाईची पाच लेकरे. त्यातली गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. यशवंतराव तेवढे वाचले. राजरत्न 1926 साली गेला, तेव्हा त्याचे वडील परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेले होते. त्या घरात बुद्धी होती, निर्धार होता, रमाईची माया होती. पैसा नव्हता, पुरेसे अन्न नव्हते, आजच्यासारख्या लसी आणि औषधे नव्हती. निर्धाराने बाळाचा ताप उतरत नाही. त्याला औषध, अन्न आणि वेळेवर मिळणारा दवाखाना लागतो. म्हणून माया आणि सोय ही दोन्ही हवीत. एक असून भागत नाही.

कौतुकाआड कोण लपते?

'पोरं काटक आहेत' असे म्हटले की सगळ्यांची सुटका होते. कारखान्याला फडाजवळ पाळणाघर काढावे लागत नाही, कोप्यांना पाणी आणि संडास द्यावे लागत नाहीत. मुकादमाला विचारावे लागत नाही की टोळीत किती लेकरे आहेत. सरकारला योजनेचा हिशेब द्यावा लागत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. पहिल्या टप्प्यात आपल्या जिल्ह्यातले पाथर्डी आणि जामखेड हे तालुके होते. आपल्या तालुक्यात किती मुले-मुली स्थलांतर करतात आणि त्यांतल्या किती जणांना वसतिगृहाची जागा मिळाली, हा प्रश्न आपण पंचायत समितीत लेखी विचारला पाहिजे. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तोंडीच उत्तर मिळते.

सुटका आपलीही होते, हेही बोलले पाहिजे. जयंतीच्या डीजेसाठी घरटी वर्गणी निघते. त्यातला चौथा हिस्सा विहारात अभ्यासिका आणि एक चांगला वजनकाटा यांसाठी काढा म्हटले की तोंडे फिरतात. दारू आणि मारझोड हा 'घरातला मामला' म्हणून आपण कानाडोळा करतो. आणि पोरीचे लग्न. एक नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, म्हणून कोयता पुरा करायला पोरीचे लग्न उरकले जाते, हे आपल्या भागात कुणाला माहीत नाही? त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वर्षांच्या दर 100 बायांमागे जवळजवळ 22 जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच झालेले आढळले. त्या पोरींची लेकरे मोळीखाली वाकलेलीच जन्माला येतात.

वस्तीने ठरवले तर काय होते याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या कमी शिकलेल्या, कित्येक निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यात दलित बायाही होत्या. गरोदर बाईची काळजी, बाळाचे वजन, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, लसीची आठवण, हे काम त्यांनी केले आणि तिथले बालमृत्यू पुष्कळ खाली आले. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या हातून गावची लेकरे वाचली.

टोळी निघण्याआधी

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की पंधरा-वीस दिवसांत आपल्या वस्त्या अर्ध्या रिकाम्या होतात. त्याआधी विहारात एक बैठक घ्या आणि पुढील गोष्टी उरका.

1. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे वजन करा आणि सहा महिन्यांपुढच्या मुलांच्या दंडाचा घेर अंगणवाडीतल्या पट्टीने मोजा. घेर साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर सावध व्हा. साडेअकरापेक्षा कमी असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. असे मूल कारखान्यावर नेणे धोक्याचे आहे.

2. लसी तपासा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी, नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची, दीड वर्षाच्या सुमाराची दुसरी. माता-बाल कार्ड सोबत न्या आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. निघण्याआधी अंगणवाडीताईंना आपल्या स्थलांतराची नोंद करायला सांगा. कारखान्याजवळच्या अंगणवाडीत बाळाला आणि गरोदर बाईला आहार मिळण्याचा हक्क आहे. तो मागा.

3. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. म्हणून फडात पाजायला सुट्टी द्या असे मुकादमाला उचल घेतानाच सांगा. एकटीने सांगण्यापेक्षा टोळीतल्या सगळ्या बायांनी मिळून सांगा. त्यानंतर घट्ट वरण-भात, अंडे, शेंगदाण्याचे कूट, दिवसातून चार-पाच वेळा. पातळ पाण्याने पोट भरते, अंग भरत नाही. ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडून घेऊन ठेवा.

4. बाळाशी बोला. दोन महिन्यांचे बाळ ओळखून हसते का, आठ-नऊ महिन्यांचे आधाराशिवाय बसते का, दीड वर्षाचे चालते का, दोन वर्षांचे दोन शब्द जोडते का, ते पाहा. नसेल तर 'होईल हळूहळू' म्हणत वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्यांना दाखवा, तपासणी मोफत असते.

5. शाळेतल्या मुलांसाठी मुख्याध्यापकांकडे हंगामी वसतिगृहाची मागणी लेखी करा. त्यात मूल गावातच नातेवाइकांकडे राहते आणि जेवणाची सोय होते. न्यावेच लागले तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला मिळायला उशीर झाला म्हणून कुठलीही सरकारी शाळा मुलाला नाकारू शकत नाही.

6. पोरीचे लग्न अठराच्या आत ठरत असेल तर 1098 या क्रमांकावर कळवा. कुणीही कळवू शकते. त्या वेळी नातेवाईक रागावतील, पण पोर वाचेल.

7. मागे राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे एका मोठ्या माणसाचे नाव लिहा. आजी सत्तरीची असेल, तिला दिसत नसेल, तर तिच्याखेरीज आणखी एक नाव हवे. शेजारची काकू, विहारात शिकवणारा दादा, शाळेतल्या बाई. या माणसाने रोज मुलाला पाहायचे, जेवलास का विचारायचे, ताप आला तर दवाखान्यात न्यायचे. आईबापाने कारखान्यावरून रोज ठरलेल्या वेळी फोन करायचा. पाच मिनिटे पुरतात, पण वेळ चुकवायची नाही. मुलाला आधार वाटतो तो ठरलेली गोष्ट रोज घडण्याचा.

दर रविवारी विहारात मुलांना एकत्र बसवणारी वस्ती या सातव्या गोष्टीत अर्धी जिंकलेली असते. तिथे मुलाला आपल्या नावाचा आणि आपल्या माणसांच्या इतिहासाचा अभिमान मिळतो. शाळेत कुणी टोचून बोलले तर त्याच्याकडे उत्तर असते, आणि घरी सांगता आले नाही तरी तिथे सांगायला कुणी तरी असते.

ही यादी कागदावर लिहा आणि विहाराच्या भिंतीवर लावा. मुलाचे नाव, निघतानाचे वजन, राहिलेली लस, जबाबदार माणूस, एवढे चार रकाने पुरे आहेत. टोळ्या भीमजयंतीच्या आसपास परततात. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी वजनकाटा विहारात आणा आणि यादीतल्या प्रत्येक मुलाचे वजन पुन्हा करा. किती मुलांचे वाढले, किती जणांचे उतरले, कुणाची शाळा तुटली, ते जयंतीच्या सभेत वाचून दाखवा. पाहुण्यांच्या भाषणाआधी.

जय भीम.